गोष्टीसाठी देव घडवताय? मग एवढं ऐका

तुमच्या घरात कोणीतरी नवं जग रचत असेल. वहीच्या मागच्या पानावर नकाशा काढून झाला असेल. डोंगर, नद्या, राजे, लढाया सगळं ठरलं असेल. कादंबरीसाठी असेल, मोबाईलवरच्या खेळासाठी असेल, नाहीतर नुसत्या हौसेसाठी. आणि काम एका जागी येऊन अडलं असेल: या जगातले सगळ्यांत जुने देव कोण?

हे आवाहन त्या लिहिणाऱ्यांसाठी आहे. थोडं त्यांच्या आईवडिलांसाठीही आहे.

आईवडिलांचं आधी सांगून टाकतो. पोरगं देव रचतंय म्हणून घाबरू नका. देवाची थट्टा चालली आहे असं समजू नका. वही काढून घेऊ नका. पाऊस का पडतो, माणसं का मरतात, भावाभावांत का फाटतं, याचाच विचार ते पोर करत असतं. जवळ बसा आणि विचारा, तुझा देव खातो काय? त्याला भीती कशाची वाटते? एवढं विचारलंत तरी त्याचं महिन्याभराचं काम पुढं सरकेल.

आता लिहिणाऱ्यांनो, तुमच्याकडे वळतो.

तुम्ही वाशिम जिल्ह्यातले असाल तर एक गोष्ट तुम्हाला माहीत असायलाच हवी. रचलेल्या देवाचं लग्न आपल्या वाशिमात लागलेलं आहे. तेही सुमारे 1100 वर्षांपूर्वी, एका मोठ्या कवीच्या ग्रंथात.

त्या कवीचं नाव राजशेखर. कनौजच्या राजदरबारात तो मानाचा पंडित होता, पण घराणं महाराष्ट्राशी नातं सांगणारं. त्यानं 'काव्यमीमांसा' नावाचा ग्रंथ लिहिला. कविता कशी करावी, कवीनं कसं राहावं, याचा तो ग्रंथ. त्यात त्याला एक अडचण आली. कविता मुळात आली कुठून, हे सांगायचं कसं? त्यानं सरळ एक देव घडवला. त्याचं नाव काव्यपुरुष.

गोष्ट अशी. सरस्वतीला मूल हवं होतं. तिनं हिमालयात तप केलं. ब्रह्मदेवानं वर दिला आणि मुलगा झाला. जन्मल्याबरोबर तो आईच्या पाया पडला आणि छंदात बोलला. तोवर विद्वानांना गद्यच ठाऊक होतं. आई हरखली. ती म्हणाली, शब्द आणि अर्थ हे तुझं शरीर, रस हा तुझा आत्मा. संस्कृत हे त्याचं तोंड झालं. प्राकृत हे हात झाले. अपभ्रंश आणि पैशाची या लोकांच्या भाषाही त्याच्या अंगात आल्या.

मग आई पोराला एका झाडाखाली ठेवून आंघोळीला गेली. ऊन चढलं. शुक्राचार्यांनी ते तापलेलं लेकरू पाहिलं आणि आपल्या आश्रमात नेलं. आई परत येते तर पोर नाही. ती रडायला लागली. वाल्मीकींनी तिला वाट दाखवली.

पुढे मुलगा मोठा झाला. आई ब्रह्मलोकी निघाली. हाही मागे लागला. आई म्हणाली, तू परत जा. पोरगं रुसलं आणि घर सोडून चालतं झालं. त्याचा मित्र कार्तिकेय रडायला लागला. तेव्हा गौरीनं विचार केला, याला प्रेमाशिवाय दुसरं काही बांधून ठेवणार नाही. तिनं साहित्यविद्या नावाची वधू निर्माण केली आणि त्याच्या मागे पाठवली.

तो पुढे, ती मागे. आधी पूर्वेला, मग पांचालात, अवंतीत, दक्षिणेत. ती ज्या देशात जाई, तिथल्या बायका तिच्यासारखा पेहराव करू लागत. पूर्वेला तो तिच्याकडे फारसा वळला नाही. पांचालात थोडा वळला. दक्षिणेत पुरता तिचा झाला. जिथं तो पुरता वश झाला, तिथल्या त्याच्या बोलण्याच्या ढंगाला वैदर्भी रीती म्हणतात. आणि लग्न लागलं विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशिम.

राजशेखरानं वाशिमच का निवडलं? गावाला तेवढं वजन होतं. त्याच्या आधी काही शतकं वाकाटकांची एक शाखा इथून राज्य करत होती. त्या शाखेचा पहिला राजा सर्वसेन स्वतः प्राकृतात काव्य लिहिणारा. कवितेच्या देवाला सासर शोधायचं तर असं गाव बरं.

ही गोष्ट एवढी लांबवून सांगितली, कारण तुम्हाला लागणारं बहुतेक सगळं तिच्यात आहे. नीट बघा. राजशेखराचा देव उन्हानं तापतो. आईवर रुसतो. त्याची आई त्याच्यासाठी रडते. तो ज्या वाटेनं जातो त्या वाटेवरच्या माणसांचं रोजचं जगणं बदलतं. आणि तो ज्या गावी पोचतो ते गाव ऐकणाऱ्याच्या ओळखीचं आहे. डोळ्यांतून वीज सोडणारा, कधीच न हरणारा, सोन्याच्या सिंहासनावर बसून राहणारा देव त्यानं केला नाही. असा देव वाचणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. तुम्हीही करू नका.

आता कामाला लागू.

आधी देवाचं नाव ठरवू नका. आधी जमीन बघा. तुमच्या जगातल्या लोकांना कशाची ददात आहे? पाणी? मीठ? झोप? लेकरं जगत नाहीत? जिथं लोकांचं अडतं, तिथं पहिला देव उभा राहतो. आपल्याच शिवारात बघा. विहिरीपाशी, नदीकाठी साती आसरा असतात, कारण पाणी जीव देतं आणि जीव घेतंही. पटकीच्या भीतीनं गावाच्या वेशीवर मरीमाय बसते. बाळाच्या पाचव्या रात्री सटवाई येते, कारण पूर्वी त्या रात्रीपर्यंत बाळ जगेल याची खात्री नसे.

तुमच्या जगात समुद्रच नसेल तर समुद्रदेव आणू नका. इंग्रजी पुस्तकात होता म्हणून आणला, असं होतं ते.

एक उदाहरण करून दाखवतो. आपल्या जिल्ह्याचंच घेऊ.

वाशिम जिल्हा पाण्याच्या दुभागावर बसला आहे. इथलं थोडं पाणी काटेपूर्णेतून उत्तरेला जातं, पूर्णेला मिळतं, तापीतून अरबी समुद्रात पोचतं. थोडं पाणी पैनगंगेतून वर्धेला, पुढे गोदावरीतून बंगालच्या उपसागरात. एकाच दिवशी, एकाच ढगातून पडलेले दोन थेंब. एक मावळतीच्या समुद्राला, एक उगवतीच्या.

यातून तुमच्या काल्पनिक जगासाठी एक पहिली देवी करू. तिला वाटणीमाय म्हणू.

पहिला पाऊस पडला तेव्हा डोंगरावर ती एकटीच होती. तिला दोन मुली. दोघी म्हणाल्या, पाणी आम्हाला दे. तिनं पायानं माती ओढून कड केली. इकडचं तुझं, तिकडचं तुझं. मुली पाणी घेऊन निघून गेल्या, परत आल्या नाहीत. आईनं स्वतःसाठी काही ठेवलं नव्हतं. म्हणून डोंगरावरच्या विहिरी चैत्रात आटतात.

आता यातून काय काय निघतं ते बघा. त्या जगात भाऊ वेगळे निघतात तेव्हा बांधावर एक घागर ओततात. ती घागर वाटणीमायची. ज्यानं ओतली नाही, त्याच्या शब्दावर पंचांत कोणी भरवसा ठेवत नाही. म्हातारी माणसं जेवताना शेवटचा घोट पितच नाहीत, तो मागे ठेवतात. धाकटीला कमी पाणी मिळालं अशी तिच्या काठच्या लोकांची तक्रार आहे, आणि थोरलीच्या काठचे लोक ती मान्य करत नाहीत. दोन गावांत सोयरीक होत नाही, त्याचं मूळ इथं. लढाई हवी असेल तर लढाईही इथंच आहे.

एक देवी झाली, आणि रीत, पत, कज्जा, जेवतानाची सवय सगळं आपोआप आलं. तुमच्या देवाची अशीच परीक्षा घ्या. त्याच्यामुळे सकाळी उठल्यावर बाई काय वेगळं करते? शेतकरी कोणत्या दिवशी नांगर धरत नाही? चोर चोरी करण्याआधी कुणाचं नाव घेतो? उत्तर सुचत नसेल तर तो देव अजून कच्चा आहे.

पहिल्या देवांना उणीव ठेवा. मी तर म्हणेन, उणीव आधी ठरवा आणि शक्ती नंतर. वाटणीमायची उणीव तिची वाटणी. डन्सेनी नावाच्या आयरिश लेखकानं 1905 मध्ये पेगानाच्या देवांचं एक पुस्तक काढलं. सगळे देव त्यानं स्वतः रचलेले. त्यात सगळ्यांचा कर्ता देव इतर देवांना घडवून झोपी गेला आहे आणि एक ढोलवाला सतत ढोल वाजवतो आहे. ढोल थांबला तर तो देव जागा होईल आणि मग बाकीचे देवही उरणार नाहीत, जगंही उरणार नाहीत. एवढ्यावर सगळं पुस्तक उभं आहे. ढोलवाल्याचे हात कधी दुखतील, हीच वाचणाऱ्याला धाकधूक.

टॉल्किनचं नावही तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. त्याच्या जगात पहिला देव गाणं शिकवतो आणि त्या गाण्यातून सृष्टी होते. ही देवांची कथा तो आयुष्यभर दुरुस्त करत राहिला. 1973 मध्ये तो गेला, आणि त्या कथेचं पुस्तक त्याच्या मुलानं 1977 मध्ये काढलं. तेव्हा तुमचे देव पंधरा दिवसांत जमले नाहीत म्हणून वही फेकू नका. पण त्याचं गाणं उचलूही नका. फार जणांनी उचललं आहे.

जुना देव जुना वाटायला हवा. हे लिहिणाऱ्यांना कमी जमतं. सगळ्यांत जुना म्हणून त्याला सगळ्यांत मोठं देऊळ बांधून देतात. प्रत्यक्षात उलट घडतं. वेदातले द्यौस आणि पृथ्वी, आकाशबाप आणि भूमाता. त्या बापाला आज कोण पुजतं? इंद्र देवांचा राजा, पण तुमच्या गावात त्याचं देऊळ आहे का? सृष्टी करणाऱ्या ब्रह्मदेवाची देवळं देशात मोजकीच. ग्रीकांतही आकाशाला त्याच्या मुलानं हटवलं आणि त्या मुलाला त्याच्या मुलानं.

जुने देव मागे सरतात. त्यांचं नाव विसरलं जातं, दगड उरतो. दगडाला शेंदूर लागत राहतो. पुण्याकडे शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. तिथं उत्खननात एका घराच्या जमिनीखाली मातीची डबी सापडली. आत मातीची देवी. वर शिर नसलेली आणखी एक मूर्ती आणि सोबत बैल. तीन हजार वर्षांहून जुनं घर. त्या देवीचं नाव आज कोणालाच सांगता येत नाही, पण कोणीतरी तिला जपून पुरलं होतं. तुमच्या जगातही एखादा देव असा ठेवा. नाव गेलेला, गोष्ट अर्धी राहिलेला, पण ज्याच्यापुढून जाताना लोक अजून चप्पल काढतात.

एकाच गोष्टीची दोन-तीन रूपं ठेवा, आणि ती जुळवत बसू नका. आपल्या वत्सगुल्माचंच बघा. एक परंपरा सांगते, वत्स ऋषींच्या तपामुळे हे नाव. कामसूत्राची एक जुनी टीका म्हणते, वत्स आणि गुल्म हे दोन राजपुत्र भाऊ होते. पद्मतीर्थाची कथा आणखी वेगळी, तिथं वासुकी राजाचं कोड बरं झालं म्हणतात. गावानं यातली एकही टाकली नाही. तुमच्या जगातला पुजारी एक सांगेल, धनगर दुसरं सांगेल, आजी तिसरं सांगेल. तिघांना बोलू द्या.

नावाचं थोडक्यात. नाव शेतातून हाक मारता येईल असं हवं. झ, क्ष, ज्ञ कोंबून नाव भारदस्त होत नाही. मोठ्यानं म्हणून बघा. घरातल्या आजीला ते एकदा ऐकून परत म्हणता आलं तर ठेवा.

आणि देव फार करू नका. सुरुवातीला तीन पुरे. तेहतीस कोटी पुढे लोक करतील.

आता जे सांगतो ते नीट ऐका. यात तुमचं आणि तुमच्या घरच्यांचं हित आहे.

ज्या देवाला आज कोणी हात जोडतं, त्याला तुमच्या गोष्टीत नाव बदलून खलनायक करू नका. आपल्या जिल्ह्यात पोहरादेवीला बंजारा समाज लोटतो. शिरपूरला जैन भाविक येतात. कारंज्याला दत्तभक्त येतात, मंगरूळपीरला दर्ग्यावर चादर चढते. ही सगळी तुमच्या शेजारची माणसं आहेत. उद्या तुमच्याच दुकानात येणारी, तुमच्याच वर्गात बसणारी. त्यांच्या कथांतून शिकावं जरूर. विचारा, ऐका, परवानगी असेल तर टिपून घ्या. पण त्यांची श्रद्धा मोडतोड करून गोष्टीत वापरली तर दुखतं, आणि ते दुखणं पानावर राहत नाही, गावात उतरतं. जाणूनबुजून, दुष्ट हेतूनं कोणाच्या धर्मभावना दुखावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 खाली गुन्हाही आहे. पण कायद्याच्या आधी शेजार बघा.

दुसरं. रचलेली कथा "आपली प्राचीन परंपरा" म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर सोडू नका. गंमत म्हणूनही नको. एकदा गेलेली परत येत नाही. चार महिन्यांनी तीच कथा तुमच्या मावशीकडून तुम्हाला येईल, वर "दहा जणांना पाठवा" असं लिहून. देवाच्या गोष्टीत फार जोर असतो. 1975 मध्ये 'जय संतोषी माँ' हा चित्रपट आला. देवी आधीही होती, व्रतही होतं. पण त्या एका चित्रपटानं ते गावोगाव नेलं. लोक चपला काढून थिएटरात बसत, पडद्यावर फुलं टाकत. घरोघरी शुक्रवारी आंबट बंद झालं. चित्रपटानं एवढं होतं, तर खोट्या पोथीचा फोटो काय करेल याचा विचार करा.

तिसरं, आणि हे विदर्भातल्या लिहिणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावं. तुमच्या देवाचा खजिना खऱ्या टेकडीखाली, खऱ्या पडक्या गढीत ठेवू नका. गुप्तधनाच्या नादानं रात्री खड्डे खणणारे लोक आपल्याकडे आहेत. त्यांच्या मागे मांत्रिक असतात, आणि पुढे कधी कोंबडं, कधी त्याहून भयंकर काही. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा याच गोष्टींसाठी करावा लागला. तुमच्या गोष्टीत बळी असेल तर असू द्या, गोष्टीला ते लागतं कधी कधी. पण जागा काल्पनिक ठेवा आणि विधी पायरीपायरीनं लिहू नका. वाचणारा कोण असेल हे तुमच्या हातात नाही.

राजशेखरानं या बाबतीतही नीट केलं. त्यानं आपला देव कवितेच्या ग्रंथात ठेवला.  काव्यपुरुषाला नवस बोललेला माणूस मला आजवर भेटलेला नाही, आणि तरी त्याची गोष्ट अकराशे वर्षं टिकली आहे.

शिक्षकांना एक विनंती. आठवी-नववीच्या मुलांना एक तास द्या. आपल्या गावचा ओढा कुठून येतो आणि कुठं जातो हे आधी शोधायला सांगा. मग त्या ओढ्याचा पहिला देव रचायला सांगा. भूगोलही होईल, मराठीही होईल. गुण देऊ नका, फक्त वाचून दाखवायला लावा.

आणि लिहिणाऱ्यांनो, आज एवढं करा. नवी वही काढा. पहिल्या पानावर स्वच्छ अक्षरात लिहा, "यातले देव मी रचले आहेत." खाली तुमचं नाव, गावाचं नाव आणि तारीख टाका. मग पान उलटा आणि लोकांना कशाची ददात आहे तिथून सुरू करा.